जुना डीएसएलआर की नवा मिररलेस? फोंड्याच्या लग्नांत शिकलेलं

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या गोव्यातल्या फोंड्यात हॉलच्या तारखा भरायला लागतात आणि त्याच सुमारास मला फोन सुरू होतात. "दादा, पन्नास-साठ हजार जमवलेत. जुना फुल फ्रेम डीएसएलआर मिळतोय, घेऊ? की थोडं कर्ज काढून नवा मिररलेस?" (डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मिररलेस बिनआरशाचा; फुल फ्रेम म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर मोठा.) विचारणारा बहुतेक वेळा नुकतंच कॉलेज संपवलेला असतो. चुलतभावाच्या साखरपुड्याचे फोटो काढून घरात कौतुक झालेलं असतं. मुलीही विचारतात आणि त्यांचे प्रश्न जास्त नेमके असतात. माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे: कोणाच्या हाताखाली जाणार आहेस आणि त्यांच्याकडे लेन्स कुठल्या कंपनीच्या आहेत?

यावर समोरचा गप्प होतो. त्याने यूट्यूबवर वीस तुलना पाहिलेल्या असतात, पण ही गोष्ट कुठेच ऐकलेली नसते. पहिली दोन वर्षं तुम्ही स्वतःच्या लेन्सवर जगत नाही, उसन्या लेन्सवर जगता. ज्यांच्याकडे असिस्टंट म्हणून लागाल, त्यांच्या बॅगेतली ७०-२०० (दूरचं जवळ आणणारी झूम लेन्स) तुमच्या बॉडीला, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला, बसली तर तुम्ही सेकंड शूटर. नाही बसली तर लाइट धरा.

मी २०२१ मध्ये निकॉनचा डी ७५० जुना घेतला, ५५,००० रुपयांना. मनात सोनी होता. पण मी ज्यांच्याकडे शिकत होतो त्या भाईंकडे सगळं निकॉन होतं. एक ८०-२०० तर माझ्या वयाची असावी. बॉडीचा विषय काढला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "पयलीं लेन्स पळय, मागीर बॉडी." आधी लेन्स बघ, मग बॉडी.

त्या ८०-२०० नेच मला एक धडा दिला. आमच्याबरोबरच्या एका मुलाने डी ५६०० घेतला होता, तोही निकॉनच. माउंट (लेन्स बसते ती खाच) तेच, लेन्स खटकन बसली, पण फोकस काही हलेना. जुन्या डी मालिकेच्या लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीतून फिरवावी लागते. डी ७५० मध्ये ती मोटर आहे, डी ५६०० मध्ये नाही. नवरी ओवाळून घेत असताना तो बिचारा हाताने रिंग फिरवत बसला. पुढे मी स्वतः निकॉनच्या मिररलेसवर गेलो तेव्हा जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवणारा एफटीझेड अडॅप्टर लावूनही तीच गत झाली. त्या अडॅप्टरमध्येही अशा लेन्ससाठी मोटर नाही. निकॉनच्या डीएसएलआरचं एफ माउंट १९५९ पासून चालत आलंय, मिररलेसचं झेड माउंट २०१८ मध्ये आलं. कॅननमध्ये तसंच, ईएफ १९८७ पासून आणि मिररलेसचं आरएफ २०१८ पासून. अडॅप्टर दोन्हीकडे मिळतो, पण "सगळ्या जुन्या लेन्स चालतात" असं दुकानदार म्हणाला तर तुमची लेन्स तिथेच लावून, शटर अर्धं दाबून बघा.

आता अंतरपाटाचं सांगतो, कारण फरक काय आहे हे मला तिथे कळलं. शेवटची मंगलाष्टक संपते, "सावधान" होतं, अंतरपाट बाजूला होतो आणि दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात. ही वेळ दोन-तीन सेकंदांची. त्यात वरून अक्षता बरसतात, आणि मामा हमखास मध्ये येतात. नवरी फ्रेमच्या डाव्या कडेला, नवरा उजव्या कडेला, मध्ये मोकळी जागा. डी ७५० चे ५१ फोकस पॉइंट (फोकस धरायच्या जागा) आहेत, पण सगळे मधल्या भागात गोळा झालेले. पहिल्याच लग्नात मी मधला पॉइंट ठेवला आणि सोळा फोटो काढले. सोळाही फोटोंत मागच्या भटजींच्या उपरण्याची किनार सुईसारखी स्पष्ट, नवरा-नवरी मऊ. भाई रागावले नाहीत. तो फोल्डर त्यांनी दोन वर्षं डिलीट करू दिला नाही, एवढंच.

डीएसएलआरमध्ये प्रकाश आरशावर आपटून वर प्रिझममध्ये जातो आणि थोडा खाली फोकसच्या वेगळ्या सेन्सरवर पडतो. फोकस ठरवणारा एक, फोटो घेणारा दुसरा. दोघांत केसभर फरक पडला की फोटो सतत थोडा पुढे किंवा मागे शार्प येतो, तो मेन्यूत जाऊन जुळवावा लागतो. मिररलेसमध्ये फोटो घेणारा सेन्सरच फोकस ठरवतो, म्हणून ही भानगड नाही आणि पॉइंट जवळजवळ कडेपर्यंत पोचतात. माझ्या आताच्या झेड ६ टू मध्ये डोळा ओळखून फोकस धरता येतो. अंतरपाटाच्या वेळी हे वरदान आहे. मात्र मुंडावळ्या डोळ्यांवर लोंबू लागल्या की तोही गांगरतो, तेव्हा मी सरळ एक पॉइंट निवडून चेहऱ्यावर ठेवतो. ती सवय डी ७५० ने लावली.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने डीएसएलआरचं मोल इथे आहे असं मला वाटतं. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या काचेच्या खिडकीत, एक्सपोजर दिसत नाही, फक्त समोरचं दृश्य दिसतं. फोटो काळा येणार की पांढरा, हे डोक्यात ठरवावं लागतं. वर्षभर चुका होतात, मग हॉलमध्ये शिरल्याशिरल्या ट्यूबलाइट बघून आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) हाताला आठवतो. मिररलेसवर सुरुवात केलेली मुलं लवकर चांगले फोटो काढतात, हे मान्य. फ्लॅश लावायची वेळ आली की तीच अडखळतात, कारण फ्लॅशचा उजेड आधी स्क्रीनवर दिसत नाही.

व्हिडिओ करायचा असेल तर मात्र वाद घालू नका, मिररलेस घ्या. डी ७५० वर व्हिडिओ फुल एचडीपर्यंतच, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघताना) फोकस पुढेमागे चाचपडत राहतो. वरात दारात आलीय आणि कॅमेरा नवऱ्याला शोधतोय, असं चित्र. कॅननच्या ८० डीसारख्या ड्युअल पिक्सेलवाल्या, म्हणजे सेन्सरवरूनच फोकस धरणाऱ्या, डीएसएलआरचं तसं नाही, ते व्हिडिओत बरे चालतात, पण ८० डीमध्येही फोर के नाही. आणि आजकाल लग्न ठरवायला आलेल्या घरातली धाकटी बहीण पहिला प्रश्न विचारते तो रीलचा. मी २०२३ मध्ये बदललो ते याच कारणाने. फोटोंसाठी डी ७५० आणखी काही वर्षं सहज पुरला असता.

मिररलेस हलका असतो, या बोलण्यावर फार जाऊ नका. डी ७५० बॅटरीसकट ८४० ग्रॅम, झेड ६ टू ७०५. पुढे २.८ ची जड झूम लावली की दोन्ही मानेला सारखेच. बॅटरीचा फरक मात्र खरा आहे. कंपनीच्या आकड्यात डी ७५० एका बॅटरीवर १,२३० फोटो देतो, झेड ६ टू व्ह्यूफाइंडरमधून साडेतीनशेच्या आसपास. प्रत्यक्षात दोन्हीकडे जास्त निघतात, पण प्रमाण साधारण तेच राहतं. मी आता चार बॅटऱ्या बाळगतो. नशिबाने डी ७५० च्या जुन्या बॅटऱ्या नव्यालाही चालतात.

आवाजाचं दुधारी आहे. देवळाच्या चौकात घुमटआरती चालू असताना डीएसएलआरचा आरसा खाडखाड वाजतो आणि चार माना वळतात. मिररलेसवर सायलेंट शटर लावलं की कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून पेडण्यात एका दशावतारी काल्याला मी रात्रभर सायलेंटवरच होतो. सकाळी बघितलं तर कित्येक फोटोंत पंचा वाळत घातल्यासारखे आडवे काळे पट्टे. स्टेजवरच्या एलईडी लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्याचा हा प्रसाद. आता एलईडी दिसली की मेकॅनिकल शटर, माना वळल्या तरी चालेल.

जुना डीएसएलआर घ्यायचा ठरला तर दिवसाउजेडी जा. आपलं कार्ड घालून एक फोटो काढा आणि ती मूळ फाइल घरी आणा. निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) लिहिलेला असतो, साध्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. विकणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत तो सापडणार नाही. डी ७५० चं शटर दीड लाखांपर्यंत तपासलेलं आहे. एका लग्नाचे दोन हजार फोटो धरले तर ७५ लग्नं. मी घेतला तेव्हा काउंट ४१,००० होता. दीड लाखाला तो बंदच पडेल असं नाही, पण भाव करताना हा हिशोब तोंडावर ठेवायचा. मग एफ १६ वर (लेन्सचं छिद्र बारीक करून) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. दोन्ही कार्ड स्लॉट चालतात का तेही पाहा.

लेन्ससाठी मोबाइलचा टॉर्च मागून मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. किनाऱ्याजवळच्या घरातून आलेली लेन्स असेल तर दोनदा बघा. आमच्याकडचा पावसाळा कॅमेऱ्याच्या पिशवीला माफ करत नाही. मी पहिल्या वर्षी कॅमेरा पिशवीसकट कपाटात ठेवला होता, चवथीला काढला तर पिशवीला चक्क लव आली होती. लेन्स वाचली. ड्राय कॅबिनेटला पैसे नसतील तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि स्वस्तातलं आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. बुरशीला मिररलेस आणि डीएसएलआर सारखेच.

नवीन मुलांना न सुचणारी आणखी एक गोष्ट. किनारपट्टीच्या हॉटेलात नवरीचा मेकअप चालतो ती खोली एसीने थंडगार असते. तिथून लॉनवर आलात की लेन्सवर वाफ धरते, डोळा लावला तर समोर दूध. घाईने लेन्स बदलू नका, दमट हवा आत जाते आणि मिररलेसमध्ये सेन्सर समोरच असतो. निघण्याआधी अर्धा तास पिशवी बंद करून खोलीबाहेरच्या व्हरांड्यात ठेवून द्यायची.

कॅनन आणि निकॉन यांचे शेवटचे मोठे डीएसएलआर २०२० साली आले, त्यानंतर दोघांचं सगळं लक्ष मिररलेसकडे. त्यामुळे जुन्या लेन्स बाजारात स्वस्त होताहेत आणि पन्नास हजारांच्या मुलाला तो फायदाच आहे. शंभर टक्के स्वतःच्या जिवावर, फोटो-व्हिडिओ दोन्ही करणार असाल आणि हप्ता फेडण्याइतकी कामं हातात असतील तर मिररलेस घ्या. कामं "मिळतील" असं असेल तर हप्ता काढू नका. मला माहीत असलेल्या दोघांचे कॅमेरे हप्त्यांतच विकले गेले.

माझा डी ७५० अजून घरात आहे. काउंट १,३८,००० झालाय, पकडीचं रबर एका बाजूने सुटलंय, ते मी सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलंय. यंदा कवळ्याच्या पहिल्या लग्नाला तो माझ्याकडे नव्याने आलेल्या मुलाच्या गळ्यात असेल. अंतरपाटाच्या वेळी पॉइंट कुठे ठेवायचा, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.