युद्धात बुडालेल्या बोटीवरचा आपला माणूस शोधताना या चुका टाळा

"बोटीवर होते. लढाईत बोट बुडाली. परत आले नाहीत." श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरी, देवगडपासून गोव्यापर्यंत कितीतरी घरांत एखाद्या पणजोबांबद्दल एवढंच सांगितलं जातं. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया, क्लॅन लाइन, सिटी लाइन अशा कंपन्यांच्या जहाजांवर ही माणसं होती. डेकवर सारंग, टंडेल आणि खलाशी, खाली बॉयलरपाशी आगवाले, भटारखान्यात भंडारी, सलूनमध्ये, म्हणजे जहाजाच्या जेवणाच्या दालनात, गोव्याचे स्ट्युअर्ड. पहिल्या महायुद्धात त्यांच्यातले साधारण 3,400 गेले, दुसऱ्यात सहा हजारांहून जास्त. बहुतेकांना कबर नाही की समाधी नाही, पण पुष्कळांची नोंद मात्र आहे. शोध अडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी किंवा चुकीच्या क्रमाने शोधल्यामुळे.

नौदलात शोधू नका

घरात "नेव्हीत होते" असं सांगतात, म्हणून लोक नौदलाच्या किंवा सैन्याच्या दफ्तरात अर्ज करतात आणि "नोंद आढळत नाही" असं उत्तर आलं की थांबतात. मालवाहू जहाजावरचा खलाशी हा कंपनीचा नोकर, कागदोपत्री नागरिक. त्याला पलटण नव्हती, सैन्यातला हुद्दा नव्हता. त्याची नोंद व्यापारी नौदलाखाली असते, इंग्रजी यादीत "इंडियन मर्चंट नेव्ही" अशी. अपवाद आहे तो युद्धासाठी नौदलाने ताब्यात घेतलेल्या प्रवासी जहाजांचा. पी अँड ओ कंपनीचं रावळपिंडी असंच तोफा बसवून नौदलात घेतलं होतं, ते 23 नोव्हेंबर 1939 रोजी बुडालं. जहाजाच्या नावाआधी "एचएमएस" असेल तर मात्र नौदलाकडेच जा.

लंडनचं स्मारक पाहून निराश होऊ नका

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते या चुकीचं, कारण ती करणारा माणूस दुखावला जातो. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचं मोठं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धाचा भाग 1928 मध्ये खुला झाला, दुसऱ्याचा 1955 मध्ये. जहाजांची नावं ओळीने, आणि प्रत्येक जहाजाखाली त्यावर गेलेल्यांची नावं. कुणी नातेवाईक तिथे जातो, आपल्या जहाजाचं नाव सापडतं, खाली कॅप्टन आणि इंजिनिअर सापडतात, पण त्याच बोटीवर त्याच रात्री गेलेला आपला माणूस सापडत नाही. मग वाटतं, आपल्या माणसाला कुणी मोजलंच नाही.

मोजलं होतं, पण वेगळं. भारतीय करारावर, म्हणजे भारतीय बंदरात केलेल्या नोकरीच्या करारावर, घेतलेल्या खलाशांची नावं भारतातल्या स्मारकांच्या वाट्याला आली. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त जणांची नोंद मुंबईत, मशीद बंदर स्टेशनजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी मुंबई आणि चितगाव अशी जोड स्मारकं आहेत. तिथे दगडावर नावं कोरलेली नाहीत. नामावलीचे दोन सारखे ग्रंथ केले आणि एक इथे, एक तिथे ठेवला. त्यात जवळपास 6,500 नावं आहेत, पैकी सहा हजारांच्या आसपास व्यापारी जहाजांवरची. बंगाल-आसामकडच्या 896 खलाशांचं पहिल्या महायुद्धाचं स्मारक कोलकात्याला हुगळीकाठी आहे, 1924 चं. एका बोटीवर मेलेल्यांची अशी वाटणी करणं मला आजही पटत नाही, पण शोधताना ती लक्षात ठेवावीच लागते. मुंबई आणि चितगावच्या स्मारकांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. ब्रिटिश करारावर गेलेला कुणी असेल तर तो टॉवर हिलवर सापडू शकतो, म्हणून दोन्ही याद्या पाहा.

नावापासून सुरुवात करू नका, जहाजापासून करा

शोधाच्या चौकटीत आजोबांचं पूर्ण नाव आडनावासकट टाकलं की जवळजवळ हमखास रिकामी यादी येते. खलाशाचं नाव शिपिंग ऑफिसातल्या कारकुनाने कानाला ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहिलं. बहुधा स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, बस्स. पारकर, मुकादम, तांडेल हे आडनाव कागदावर आलंच असेल असं नाही. इब्राहीमच्या मुलाचं, हसनचं, आडनाव इंग्रजी यादीत "इब्राहीम" झालेलं असतं. त्यातही ते आय अक्षराने लिहिलंय की ई ने, युसूफ वायने की ई ने, लक्ष्मणमध्ये के आहे की एक्स, याचा काही नेम नाही. गोव्याकडच्या घरांनी डिसोझा, डिसूझा आणि नुसतं सोझा, फर्नांडिस शेवटी एस आणि झेड, सगळं पाहावं.

म्हणून आधी जहाज शोधा. ते कळलं की बुडाल्याची तारीख कळते. मग त्या तारखेची, इंडियन मर्चंट नेव्हीची सगळी नावं काढा आणि एकेक मोठ्याने वाचा. डोळ्यांना परकं वाटणारं स्पेलिंग कानाला ओळखीचं वाटतं. सोबत "अमक्याचा मुलगा, राहणार रत्नागिरी" अशी ओळ असेल तर तीच खरी ओळखीची खूण.

जहाजाचं नाव कुठून मिळणार? कंपनीचं पत्र किंवा तार, मनीऑर्डरची पावती, नुकसानभरपाईचा कागद, आधीच्या सफरींची नोंद असलेलं सीडीसीचं, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या दाखल्याचं, पुस्तक. गोव्याच्या खलाशांसाठी मुंबईतल्या धोबीतलावच्या कुडी, म्हणजे गोव्यातल्या गावोगावच्या लोकांची तिथली उतरण्याची घरं, आणि गावच्या चर्चमधली मृत्यूची नोंद. पहिल्या महायुद्धाचं मर्कंटाइल मरीन पदक घरात असेल तर कडेवर नाव कोरलेलं असतं, म्हणजे कारकुनाने नाव कसं लिहिलं हे आयतंच कळतं. दुसऱ्या महायुद्धातल्या स्टार पदकांवर बहुधा नाव नसतं. ते नाही म्हणून पदक दुसऱ्याचं समजू नका.

एका नावाचं एकच जहाज असतं असं धरू नका

कंपन्या बुडालेल्या जहाजाचं नाव नव्याला देत. पी अँड ओचं एक पेशावर 1917 मध्ये बुडालं, आणि त्याच कंपनीचं त्याच नावाचं दुसरं 1943 मध्ये. मंगोलिया जून 1917 मध्ये मुंबईपासून फार दूर नाही अशा ठिकाणी जर्मन सुरुंगाने बुडालं, पुढे 1923 मध्ये त्या नावाचं नवं जहाज आलं. जहाजाचा अधिकृत क्रमांक, म्हणजे प्रत्येक जहाजाचा वेगळा असलेला नोंदणी क्रमांक, मिळवा. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांच्या याद्या, बीटी 381 या मालिकेत, याच क्रमांकाने लावलेल्या आहेत. भारतीय बंदरात केलेले खलाशांचे करार मात्र वेगळ्या कागदांवर असत. जहाजाची फाइल मिळाली तरी ती पानं सोबत असतीलच असं नाही.

फक्त यू-बोटी पाहू नका

यू-बोटींनी, म्हणजे जर्मन पाणबुड्यांनी, बुडवलेल्या जहाजांच्या याद्या तपशीलवार आहेत, त्यामुळे शोध तिथेच घुटमळतो. मुंबईहून निघालेलं तिलावा 23 नोव्हेंबर 1942 रोजी अरबी समुद्रात जपानी पाणबुडीने बुडवलं, 280 जण गेले. ते त्या याद्यांत येणारच नाही. सुरुंग, विमानं आणि व्यापारी जहाजाचं सोंग घेऊन फिरणारी जर्मन हल्लेखोर जहाजं यांच्या नोंदी वेगळ्या पाहा. तिलावावर प्रवासीही होते. इंडियन मर्चंट नेव्हीच्या यादीत खलाशी येतात, प्रवासी नाहीत. घरात जे "बोटीवर होते" ते नोकरीला होते की प्रवासाला, हे आधी विचारून घ्या.

बुडाल्याची तारीख म्हणजेच मृत्यूची तारीख नव्हे

जहाज गेलं की बेपत्ता असलेल्या सगळ्यांना बहुधा तीच तारीख लागे. प्रत्यक्षात कुणी होडीत आठवडाभर जगलेला असे. सिटी ऑफ बनारस सप्टेंबर 1940 मध्ये अटलांटिकमध्ये बुडालं तेव्हा 46 जणांची एक होडी शोधातून निसटली. त्यात बहुतेक भारतीय खलाशी होते. ती आठ दिवसांनी विमानाला दिसली, तोवर घरच्यांना माणसं गेल्याचं कळवून झालं होतं. याच जहाजासाठी कुठे 17 तर कुठे 18 सप्टेंबर दिसतो, कारण हल्ला रात्रीचा आणि घड्याळं दोन. तारखेने शोधताना दोन दिवस मागेपुढे घ्या.

कैदेची शक्यताही विसरू नका. अटलांटिस या जर्मन हल्लेखोर जहाजाने पकडलेले भारतीय खलाशी 1940 मध्ये इटालियन सोमालियात उतरवले गेले. ब्रेमेनजवळच्या मिलाग नॉर्ड छावणीतही भारतीय होते. बेहार हे जहाज मार्च 1944 मध्ये जपानी क्रूझरने बुडवलं, आणि पाण्यातून उचललेल्या अनेकांना काही दिवसांनी त्या क्रूझरवरच ठार मारलं.

आजचा जिल्हा, आणि दुसरीच बोट

जुन्या नोंदीत सिंधुदुर्ग शोधू नका. 1981 पर्यंत तो भाग रत्नागिरीत होता, आणि रायगड तेव्हा कुलाबा. जंजिरा आणि सावंतवाडी संस्थानं होती, गोवा पोर्तुगीजांकडे.

आणखी एक गफलत हळुवारपणे तपासावी लागते. कोकणच्या आठवणीत दुसऱ्याही बोटी बुडालेल्या आहेत. जयंती आणि तुकाराम नोव्हेंबर 1927 मध्ये, आणि रामदास 17 जुलै 1947 रोजी रेवसला जाताना, सहाशेहून अधिक माणसांसह. दोन पिढ्यांत या कथा लढाईच्या बोटीत मिसळतात. आजीला साल विचारू नका. पाऊस होता का, घरात तेव्हा कोण लहान होतं, हे विचारा. त्यावरून साल काढता येतं.

नाव नाही म्हणून प्रकरण बंद करू नका

कमिशननेच 2021 च्या अहवालात मान्य केलं की आशिया-आफ्रिकेतल्या हजारो मृतांची नोंद बरोबरीने झाली नाही, आणि एक लाखाहून अधिकांची कदाचित झालीच नाही. त्यामुळे राहिलेलं नाव घालण्यासाठी किंवा चुकलेलं दुरुस्त करण्यासाठी अर्ज करता येतो. दुसऱ्या महायुद्धासाठी त्यांची मुदत 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947, पहिल्यासाठी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921. अर्जात घरची कथा लांबवर लिहू नका. जहाजाचं नाव, तारीख, कामाचा हुद्दा, बापाचं नाव, गाव, आणि त्या काळातला एक तरी कागद जोडा. मूळ कागद पाठवू नका, प्रत पाठवा.