मॉस आणि लायकेनवरून हवेतलं किरणोत्सर्गी प्रदूषण कसं तपासावं

मॉसला (ओलसर जागी वाढणारी बुटकी, मऊ हिरवी वनस्पती) खरी मुळं नसतात, त्यामुळे त्याचं पोषण मुख्यतः पावसातून आणि वरून पडणाऱ्या धुळीतून होतं. अणुस्फोट आणि अणुअपघातांतून हवेत येणारं किरणोत्सर्गी सीझियम-१३७ही त्याच वाटेने येऊन अडकतं. लायकेन (दगडफुलासारखं, बुरशी आणि शैवाल एकत्र वाढून बनलेलं) वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं, म्हणून त्यात अनेक वर्षांचा साठा असतो. ताजं प्रदूषण पाहायचं तर मॉस घ्या, जुनं शोधायचं तर लायकेन. दोन्हींचे आकडे एकाच नकाशावर टाकू नका.

जागा मोठ्या रस्त्यापासून ३०० मीटर आणि झाडाच्या फांद्यांपासून किमान ३ मीटर दूर हवी, कारण पानांवरून ठिबकणारं पाणी आकडा बिघडवतं. ५० बाय ५० मीटरच्या पट्ट्यात ५ ते १० ठिकाणांहून एकाच जातीचं मॉस गोळा करून एकत्र करा. हायलोकोमियम स्प्लेंडेन्स जातीचं मॉस मिळालं तर उत्तमच: ते दरवर्षी नवी पायरी चढवतं, त्यामुळे वरच्या तीन पायऱ्या मोजून कापता येतात. खालचा तपकिरी भाग टाकून द्या, त्याला माती चिकटलेली असते. लायकेन दगडावरून खरवडू नका, दगडाच्या कणांबरोबर युरेनियम-थोरियमही येतं. झाडाच्या सालीवरचंच घ्या.

नमुना धुवायचा मोह होतो, पण सीझियम पाण्याबरोबर निघून जातं. काड्या-पानं चिमट्याने वेचा, ४० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, दळा आणि प्रत्येक वेळी त्याच डबीत, त्याच उंचीपर्यंत भरा. किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ शोधत असाल तर मात्र न वाळवता लगेच मोजा. त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) ८ दिवसांचं आहे, शिवाय उष्णतेने ते उडून जातं.

मोजणीला जर्मेनियम डिटेक्टर वापरा; तो नमुन्यातून येणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा मोजतो, आणि प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्याची रेषा ठरावीक ऊर्जेवर दिसते. नमुना कमकुवत असेल तर २४ तासही लागतात. सीझियम-१३७ची रेषा ६६१.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर दिसते. सोडियम आयोडाइडच्या स्वस्त डिटेक्टरमध्ये नैसर्गिक बिस्मथ-२१४ची ६०९ची रेषा तिच्यात मिसळते आणि नसलेलं सीझियम 'सापडतं'. ४७७.६ला बेरिलियम-७ही पाहा. ते वातावरणात सतत तयार होतं, अर्धायुष्य ५३ दिवस. ताज्या मॉसमध्ये ते दिसलंच नाही, तर बहुधा जुना भाग कापला गेला किंवा मोजणीला फार उशीर झाला. मधल्या काळातली घट हिशोबात धरून सगळे आकडे नमुना घेतल्याच्या तारखेला आणा आणि कोरड्या वजनाच्या बेकरेल (दर सेकंदाला होणारी अणुविघटनं) प्रति किलोत लिहा. हा माणसाला मिळालेला किरणोत्सर्गाचा डोस नव्हे.

सीझियम-१३४चं अर्धायुष्य सुमारे २ वर्षं. ते सापडलं तर प्रदूषण अलीकडचं. १९८६च्या चेर्नोबिल अणुअपघातातलं सीझियम-१३४ आता जवळपास उरलेलं नाही.


मॉस उगवतच नसेल तिथे स्फॅग्नम मॉस नायलॉनच्या जाळीदार पिशवीत भरून काही आठवडे उघड्यावर टांगा. त्याच गठ्ठ्यातली एक पिशवी बंद डब्यात ठेवा, नाहीतर मॉसमध्ये आधीपासून किती होतं ते वजा करता येणार नाही.