जुनी गाडी तापतेय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की मला ठरलेले फोन येतात. 'गाडी गरम होतेय, रेडिएटर बदलून टाकू का?' मी विचारतो, कधी गरम होते? त्यावर उत्तर एकच, 'कधी म्हणजे? होते!'

पहिली चूक हीच. मारुती ८००, झेन, एस्टीम अशा गाड्या तापतात त्या काहीतरी सांगून तापतात. सिग्नलला उभ्या उभ्या काटा चढतो आणि हायवेला लागलं की उतरतो, तर आधी फॅन बघा. शहरात काही त्रास नाही पण खंबाटकीचा चढ लागला की तापते, तर पाणी पुरेसं थंड होत नाहीये. रेडिएटर आतून चोंदला असेल नाहीतर जाळी बाहेरून चिखल-किड्यांनी बुजली असेल. पाणी रोज कमी होतंय आणि खाली थेंबही दिसत नाही, तेव्हा हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यायचा. पण लगेच हेड उघडायला मात्र जायचं नाही. का, ते सांगतो.

ओळखीतल्या एकाची एस्टीम होती. घाटात तापायची, पाणी कमी व्हायचं. गॅरेजवाल्याने आधी रेडिएटर काढून साफ केला, मग वॉटर पंप बदलला, आणि शेवटी 'हेड गेलंय' म्हणून मोठ्या खर्चाचा अंदाज हातात ठेवला. मी म्हटलं, गाडी रात्रभर उभी ठेव, सकाळी स्टार्ट करू नकोस, मी येतो. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा वरचा होजपाइप चपटा होऊन बसलेला. बाजूची पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटरमध्ये मात्र पाणी निम्म्यावर. दोष रेडिएटरच्या झाकणात होता. या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब धरून ठेवतो, त्या दाबामुळे पाणी १०० अंशांना न उकळता त्याच्या बरंच वर उकळतं. दुसरा, मधला छोटा, इंजिन थंड होताना बाटलीतलं पाणी परत आत घेतो. याचा हा छोटा व्हॉल्व्ह चिकटला होता आणि रबर कडक होऊन दाबही सुटत होता. दोन-तीनशे रुपयांचं झाकण बदललं, हेडला कुणी हात लावला नाही. तेव्हापासून जुनी गाडी आली की मी झाकण आधी बदलायला लावतो, बाकी बोलणं नंतर.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून फेकणं. 'साहेब, आपल्याकडे थंडी कुठे असते? व्हॉल्व्ह काढून टाकतो, गाडी एकदम कूल!' हे इतक्या आत्मविश्वासाने सांगतात की माणूस मान डोलावतो. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. तो नसला की इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ दुखणं मे महिन्यापर्यंत झाकून राहतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटचीच चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी, वाट बंद करते. तो काढला की तापलेल्या पाण्यातलं काही रेडिएटरकडे न जाता तसंच इंजिनात परत फिरतं, म्हणजे ऐन चढावर गाडी आणखी तापते. शंका असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून गरम पाण्यात सोडा, उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं. उघडत नसेल तर नवा घाला. जुनं पातेलं वापरा आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, पाण्यात मिसळलेलं कूलंट विषारी असतं.

फॅन डायरेक्ट करून, म्हणजे आपोआप लागायचा तो हाताने चालू करायला डॅशबोर्डवर बटण बसवणारेही याच पंथातले. थर्मोस्विचच्या, म्हणजे पाणी तापलं की फॅन लावणाऱ्या स्विचच्या, वायरी एकमेकींना जोडून फॅन फिरतो का बघणं ठीक आहे. फिरला तर स्विच बदला. बटण दाबायचं एक दिवस विसरणार, आणि तो दिवस कात्रजच्या ट्रॅफिकमधला असणार.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे दरवर्षी सांगावं लागतं.

बोअरचं पाणी भरू नका, आत क्षार बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

काटा अचानक खाली आला म्हणून खूश होऊ नका. पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा थंड दाखवतो. अशा वेळी पुढे रेटलेल्या गाडीचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. आणि गाडी थांबवलीत तर तापल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका.

पाणी बदलल्यावर आत अडकलेली हवा न काढता गाडी ताब्यात घेऊ नका. हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, थंड इंजिन स्टार्ट करून फॅन एकदा लागेपर्यंत उभं राहायचं. दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि नेमकी तीच कुणाकडे नसतात.

आणि हळद. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकणारे अजून भेटतात. आडरानात अडकलात तर गावापर्यंत पोचायला टाका, माझी ना नाही. पण पोचल्यावर सगळं फ्लश करून रेडिएटर दुरुस्तीला द्या, कारण तो गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो आणि तिथून काढायचा म्हणजे अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागू शकतो.