प्रवासाचे पॉइंट की रोख परतावा : क्रेडिट कार्ड निवडण्यापूर्वी करायचा हिशेब

क्रेडिट कार्डाच्या बक्षीस योजनांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात खर्चाचा ठरावीक टक्का रोख स्वरूपात परत मिळतो. ती रक्कम पुढच्या बिलातून वजा होते किंवा खात्यात जमा होते. दुसऱ्या प्रकारात खर्चावर पॉइंट किंवा माइल्स (विमान कंपनीच्या योजनेतील पॉइंट) साठतात आणि ते विमानाच्या तिकिटासाठी, हॉटेलच्या मुक्कामासाठी किंवा विमान कंपनीच्या खात्यात वळते करण्यासाठी वापरता येतात. यांपैकी चांगला कोणता, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या मते तो अपुरा आहे. रोख परताव्याची किंमत मिळताक्षणी ठरलेली असते, तर पॉइंटची किंमत तो खर्च होईल त्या दिवशी ठरते. म्हणून रोख परताव्याला मापाचे वजन मानावे, पॉइंट दुसऱ्या पारड्यात टाकावेत आणि ते त्याहून भारी भरतात का, हे स्वतःच्या आकड्यांनी तपासावे. हे काम एका निवांत दुपारचे आहे.

त्याआधी एक अट स्पष्ट करणे आवश्यक आहे. जो दर महिन्याचे बिल मुदतीत आणि पूर्ण भरतो, त्याच्यासाठीच ही तुलना आहे. किमान देय रक्कम भरून बाकी पुढे ढकलण्याची सवय असेल, तर दोन्ही प्रकारची कार्डे बाजूला ठेवावीत. महिन्याला ३ टक्के व्याज धरले, तर एका महिन्याची थकबाकी तेवढ्याच खर्चावर मिळालेल्या दीड टक्का परताव्याच्या दुप्पट रक्कम खाऊन टाकते. शिवाय थकबाकी राहिली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीचा व्याजमुक्त कालावधीही जातो आणि त्या दिवसापासूनच व्याज चालू होते. अशा वेळी आधी थकबाकी फेडावी आणि मग कार्ड निवडायला बसावे.

ही बक्षिसे येतात कुठून, हे एकदा समजून घेतले की पुढचे निर्णय सोपे होतात. आपण कार्डाने पैसे भरतो तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्याच्या बँकेमार्फत त्यातील छोटा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि बक्षिसाचा बराचसा पैसा त्यातूनच निघतो. वार्षिक शुल्क आणि इतरांनी भरलेले व्याज यांचीही त्यात भर पडते. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने २००३ मध्ये या हिश्श्यावर मर्यादा आणली, तेव्हा तेथील कार्डांचे पॉइंट आक्रसले. युरोपीय संघाने २०१५ मध्ये व्यक्तिगत क्रेडिट कार्डांसाठी तो ०.३ टक्क्यांवर बांधून टाकला. बँकेच्या हाती येणारा पैसा कमी झाला की परताव्याचा दरही उतरतो. म्हणूनच एका देशातील कार्डांवर वाचलेला सल्ला दुसऱ्या देशात जसाच्या तसा लागू पडत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब. मागील बारा महिन्यांची कार्डाची आणि बँक खात्याची विवरणपत्रे समोर घ्यावीत. एका कागदावर पाच-सहा रकाने आखावेत : घरसामान, इंधन, बाहेरचे जेवण, प्रवास, ऑनलाइन खरेदी, आणि भाडे, विमा, कर यांसारखी मोठी देणी. एकेक नोंद पेन्सिलीने योग्य त्या रकान्यात टाकत जावी. अंदाजाने आकडे भरू नयेत, कारण आपला सर्वाधिक खर्च कशावर होतो याविषयी आपली समजूत आणि विवरणपत्र यांचे क्वचितच जमते. आपण सतत प्रवास करतो असे मानणाऱ्याच्या कागदावर वर्षभरात दोनच तिकिटे निघतात आणि घरसामानाचा रकाना मात्र भरून वाहतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. हा कागद तयार होईपर्यंत एकाही कार्डाची जाहिरात वाचू नये.

त्यानंतर रोख परताव्याच्या कार्डाच्या अटी पाहाव्यात. काही कार्डे सर्व खर्चावर एकच दर देतात. काही ठरावीक प्रकारच्या खरेदीवर जास्त आणि बाकी खर्चावर नाममात्र देतात. ठळक अक्षरांतला ५ टक्के हा आकडा बहुधा दुसऱ्या गटातला असतो आणि त्याला दरमहा किंवा दर तिमाही कमाल मर्यादा असते. ती मर्यादा ओलांडल्यावर उरलेल्या खर्चावर काय मिळते, हे शोधून काढावे. भाडे, इंधन, कर, विमा आणि वॉलेटमध्ये भरलेली रक्कम यांपैकी काही प्रकार अनेकदा परताव्यातून वगळलेले असतात. कागदावरील शेवटचा रकाना वेगळा ठेवायचा तो यासाठीच. आणखी एक बारकावा असा की खरेदी कोणत्या प्रकारात मोडते हे आपण काय घेतले यावर ठरत नाही. प्रत्येक व्यापाऱ्याला चार अंकी वर्गसंकेत दिलेला असतो आणि बँक त्यावरूनच दर लावते. त्यामुळे मोठ्या सर्वसाधारण दालनातून घेतलेले घरसामान ‘घरसामान’ म्हणून मोजले जाईलच असे नाही. शंका असल्यास छोटी खरेदी करून पुढच्या विवरणपत्रात ती कोणत्या दराने धरली गेली, हे पाहणे सर्वांत खात्रीचे.

पॉइंटची किंमत काढण्याची रीत साधी आहे. जे तिकीट आपण खरोखर काढणार आहोत, त्याचा त्या दिवसाचा रोख भाव पाहावा. पॉइंटवर तेच तिकीट घेतले तरी जे कर आणि अधिभार भरावे लागतात, ते त्यातून वजा करावेत. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटनी भागावे. समजा, तिकिटाचा भाव २४,००० आहे आणि पॉइंटवर घेतल्यास ३०,००० पॉइंट व शिवाय ६,००० रोख लागतात. चलन कोणतेही धरावे. वाचलेली रक्कम १८,००० होते, म्हणजे एका पॉइंटला ०.६० मिळाले. कार्ड दर १०० खर्चावर २ पॉइंट देत असेल, तर परतावा १.२ टक्के झाला. जाहिरातीत ‘दुप्पट पॉइंट’ असले, तरी १.५ टक्के रोख देणारे साधे कार्ड येथे पुढे आहे.

हाच हिशेब पूर्ण वर्षाला लावावा. वर्षाचा खर्च ४,००,००० असेल, तर शुल्क नसलेल्या रोख कार्डावर ६,००० मिळतील. प्रवासाच्या कार्डावर ८,००० पॉइंट साठतील. त्याचे वार्षिक शुल्क ३,००० असेल, तर बरोबरी साधायला ८,००० पॉइंटमधून ९,००० निघाले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक पॉइंट १.१२ पेक्षा जास्त किमतीला वापरला गेला पाहिजे. आणि या गतीने वरच्या उदाहरणातील ३०,००० पॉइंट जमायला जवळजवळ चार वर्षे लागतील, तर अनेक योजनांत पॉइंटची मुदत दोन-तीन वर्षांत संपते. याउलट वर्षाचा खर्च २०,००,००० असेल, तर तीच बरोबरी ०.८२५ वर साधते आणि तिकिटापुरते पॉइंट वर्षाच्या आतच जमतात. प्रवासाची कार्डे जास्त खर्च करणाऱ्याला अनुकूल असतात असे म्हणतात, त्याचे कारण या दोन ओळींत आहे. मात्र पॉइंट मिळतात म्हणून खर्च वाढवणे हा सरळ तोटा आहे. कागदावर आहे तेवढाच खर्च धरावा.

पॉइंटची खरी ताकद वरच्या वर्गाच्या तिकिटात आहे, असे जाणकार सांगतात. त्यात तथ्य आहे, पण तेथे एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा लागतो. समजा, बिझनेस वर्गाचे ९०,००० चे तिकीट ६०,००० पॉइंट आणि १२,००० रोख यांत मिळते. कागदावर एका पॉइंटची किंमत १.३० निघते. पण पॉइंट नसते तर आपण हे तिकीट ९०,००० ला घेतले असते का? साध्या वर्गाचे ३०,००० चे तिकीट काढले असते, तर खिशातून वाचले फक्त १८,०००, म्हणजे पॉइंटला ०.३०. उरलेली किंमत ऐसपैस आसनाच्या सुखाची आहे. ते सुख खोटे नाही. वृद्ध आईवडिलांना लांबच्या रात्रीच्या विमानात आडवे होता यावे म्हणून कोणी पॉइंट वापरले, तर मी ते उत्तम वापर मानेन. फक्त त्या सुखाला बचतीच्या रकान्यात लिहू नये. तसेच पॉइंटवर मिळणारी आसने मर्यादित असतात. शाळेच्या सुट्टीतच प्रवास करू शकणाऱ्या कुटुंबाला एका विमानात चार आसने मिळणे कठीण असते, आणि ज्याच्या तारखा पुढेमागे सरकू शकतात त्याला तीच योजना भरपूर देऊन जाते. तारखांची ही लवचीकता खर्चाइतकीच निर्णायक आहे.

पॉइंटला आणखी एक धोका असतो. विमान कंपन्यांच्या माइल्स योजनांचे आजचे रूप १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या योजनेने रूढ झाले. त्या काळात ठरावीक माइल्सना ठरावीक प्रवास असा तक्ता असे. पुढे डेल्टा या विमान कंपनीने २०१५ मध्ये आणि युनायटेड या दुसऱ्या कंपनीने २०१९ मध्ये आपापल्या उड्डाणांसाठीचा असा तक्ता मागे घेतला. तेव्हापासून तेथे लागणारे माइल्स मागणीप्रमाणे बदलतात. मी स्वतः एका योजनेत सव्वादोन वर्षे पॉइंट साठवले होते. तिकिटाला चारशेच पॉइंट कमी पडत होते, आणि पुढच्या महिन्यात बेत पुरा करायला बसलो, तेव्हा त्याच मार्गासाठी जवळजवळ दीडपट पॉइंट मागितले जात होते. सूचना आली होती. ती ईमेलच्या ढिगात न वाचता राहिली होती. तेव्हापासून ज्या प्रवासाची तारीख ठरलेली आहे, त्याच्यापुरतेच पॉइंट साठवायचे, अशी मर्यादा मी घालून घेतली आहे. बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे वळते करतानाही आधी आसन उपलब्ध असल्याची खात्री करावी, कारण एकदा वळते केलेले पॉइंट सहसा परत घेता येत नाहीत. वळते करण्याचे प्रमाणही पाहावे. दोन पॉइंटना एक माइल असेल, तर सगळा हिशेब निम्म्यावर येतो.

प्रवासाच्या कार्डाबरोबर मिळणाऱ्या इतर सोयींपैकी परकीय चलनावरील शुल्काची सूट मला सर्वांत ठोस वाटते. अनेक कार्डांवर परदेशातील खर्चाला सुमारे ३ टक्के शुल्क लागते आणि ते कोणत्याही रोख परताव्याला सहज पुसून टाकते. वर्षातून काही आठवडे परदेशात खर्च होत असेल, तर एवढ्या एका कारणासाठीही असे कार्ड बाळगता येते. परदेशात पैसे भरताना यंत्राने आपल्या घरच्या चलनात रक्कम दाखवली, तरी स्थानिक चलनच निवडावे. घरच्या चलनाच्या पर्यायात रूपांतराचा दर बहुधा महाग लावलेला असतो. विमानतळावरील लाऊंजची किंमत मात्र स्वतःच्या वापरावरून धरावी. गेल्या वर्षी आपण किती वेळा तेथे बसलो असतो आणि प्रत्येक वेळी खाण्यावर किती खर्च केला असता, एवढाच आकडा लिहावा. प्रवास विम्याच्या अटींत तिकीट त्याच कार्डावर काढलेले असावे, असे अनेकदा लिहिलेले असते.

नवे कार्ड घेतल्यावर एकदाच मिळणारे स्वागताचे मोठे पॉइंट पहिल्या वर्षाचा हिशेब फिरवतात, म्हणून पहिले आणि दुसरे वर्ष वेगवेगळे मांडावे. त्यासाठी पहिल्या काही महिन्यांत ठरावीक खर्च करण्याची अट असते; एखादी ठरलेली मोठी खरेदी जवळ आली असेल तेव्हाच अर्ज केला, तर ती सहज पुरी होते. दुसऱ्या वर्षाचे गणित तोट्यात जात असेल, तर शुल्काची तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

हे सर्व मांडल्यावर बहुतेकांच्या कागदावर रोख परतावा पुढे येतो, असा माझा अनुभव आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही. त्या पैशातून तिकीटही काढता येते, तेही कोणत्याही विमान कंपनीचे आणि कोणत्याही तारखेचे. वर्षातून निदान दोन-तीन लांबचे प्रवास ठरलेले असतील, तारखा सरकवता येत असतील, एकाच कंपनीने किंवा तिच्या सहयोगी गटाने जाणे सोयीचे असेल आणि योजनेतील बदल वाचण्याची तयारी असेल, तर प्रवासाचे कार्ड घ्यावे. निर्णय होत नसेल, तर शुल्क नसलेले रोख कार्ड रोजच्या खर्चाला ठेवून प्रवासाच्या खर्चापुरते दुसरे घेता येते. पण दोन बिलांच्या दोन तारखा सांभाळाव्या लागतात, आणि एक तारीख चुकली की विलंब शुल्कात कित्येक महिन्यांची बक्षिसे जातात. दोन्ही बिले पूर्ण रकमेसाठी स्वयंचलित भरण्यावर लावल्याशिवाय हा मार्ग धरू नये.

निवडलेले कार्ड दरवर्षी शुल्काच्या तारखेआधी महिनाभर पुन्हा याच कागदावर तपासावे. बंद करायचे ठरले, तर साठलेले पॉइंट आधी वापरावेत किंवा वळते करावेत. कार्डाचे खाते बंद झाले की बँकेकडचे पॉइंट बहुधा रद्द होतात; विमान कंपनीच्या खात्यात आधीच गेलेले माइल्स मात्र त्या कंपनीच्या मुदतीप्रमाणे तेथे राहतात.