फरक्क्याच्या पाण्यात कुणाचा वाटा किती? हिशेब असा करा

फरक्का म्हणजे पश्चिम बंगालमधला गंगेवरचा बंधारा. तिथले पाणी वाटून घेण्याचा भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप करार १२ डिसेंबर १९९६ चा, मुदत ३० वर्षांची. वाटपाचा हिशेब फक्त १ जानेवारी ते ३१ मे या काळाचा. त्यामुळे 'फरक्क्याचे दरवाजे उघडले' या पावसाळी बातमीला तो लावू नका.

आधी आवक, म्हणजे फरक्क्याला येणारे पाणी, काढा. कोलकाता बंदरासाठी हुगळीकडे जाणाऱ्या फीडर कालव्यातले पाणी, बंधाऱ्याखाली नदीत सोडलेले आणि जहाजांच्या लॉकमधून (जहाजे वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यातून) गेलेले, या तिन्हींची बेरीज करा. एका दिवसाचा आकडा उपयोगाचा नाही; टप्पा दहा दिवसांचा आणि सरासरी त्या टप्प्याची. २१ ते ३१ मार्चला मात्र अकराने भागायचे, हे हमखास विसरले जाते.

मग सूत्र. ७०,००० क्युसेकपर्यंत (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) निम्मे-निम्मे. ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशाला ३५,०००, उरलेले भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४०,०००, उरलेले बांगलादेशाला.

खरी गोची ११ मार्च ते १० मे या काळात. या सहा टप्प्यांत ३५,००० क्युसेकची हमी आळीपाळीने मिळते. पहिली पाळी (११ ते २० मार्च) बांगलादेशाची, दुसरी भारताची, असे पुढे. समजा १ ते १० एप्रिलची सरासरी ५८,००० आली. सूत्राने दोघांना २९,००० येतात, पण पाळी बांगलादेशाची. म्हणून त्याला ३५,००० आणि भारताला २३,०००. पाळी न पाहता 'निम्मे पाणी दिले नाही' अशी ओरड दोन्हीकडे होते, ती इथूनच.

आवक ५०,००० च्या खाली गेली की सूत्र गुंडाळायचे. दोन्ही सरकारांनी तातडीने बोलणी करायची. करारासोबतच्या तक्त्यातले आकडे १९४९ ते १९८८ ची सरासरी आहेत, हमी नव्हे. १९७७ च्या करारात बांगलादेशाच्या वाट्याला ८० टक्क्यांची हमी होती, ती इथे नाही.

पडताळा घेताना बांगलादेशातल्या हार्डिंग पुलावरचा आकडा फरक्क्याशी तंतोतंत जुळेल, अशी अपेक्षा धरू नका. मधे महानंदा गंगेला मिळते, शिवाय पाणी पोहोचायला वेळ लागतो.

टीएमसीत (अब्ज घनफुटांत) दिवसाचे पाणी हवे असेल तर क्युसेकला ८६,४०० ने गुणा, अब्जाने भागा. ३५,००० क्युसेक म्हणजे दिवसाला ३.०२ टीएमसी, दहा दिवसांत ३०, म्हणजे कोयना धरणाच्या पाव भागाहून थोडे जास्त.