इंट्राडे, बीटीएसटी की स्विंग? पद्धत निवडताना या चुका टाळा

"काका, मला इंट्राडे शिकायचं आहे." नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या सब-ब्रोकरच्या ऑफिसात डिमॅट खातं उघडायला आलेल्या पोराचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. इंट्राडेच काहून, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं: "स्विंगमध्ये खूप टाइम जाते नं." तू दिवसभर काय करतोस, स्क्रीनवर लाल आकडा दिसला की तुझा हात कुठे जातो, रात्री झोप नीट लागते का, यातलं काहीच त्याने स्वतःला विचारलेलं नसतं. मित्राने ग्रुपवर नफ्याचा स्क्रीनशॉट टाकला आणि याची पद्धत ठरली.

थोड्या मुदतीच्या ट्रेडिंगच्या पद्धती मोजून चार-पाच. स्काल्पिंग हा मिनिटांचा खेळ. इंट्राडेत सकाळी सव्वानऊनंतर घेतलेलं त्याच दिवशी विकून मोकळं व्हायचं. बीटीएसटी, आज घेतलं उद्या विकलं. स्विंग चार दिवसांपासून तीन-चार आठवड्यांपर्यंत, आणि पोझिशनल त्याहून लांब. यातली कोणतीही पद्धत वाईट नाही. चुकीच्या माणसाने चुकीची उचलली की मात्र भानगडी होतात, आणि त्या भानगडी इतक्या एकसारख्या असतात की आता मला माणूस खुर्चीत बसायच्या आधीच अंदाज येतो.

ड्यूटीवर असताना इंट्राडे करणे, आणि तो फसला की डिलिव्हरीत टाकणे

या खरं तर दोन चुका. पण पहिलीच्या मागून दुसरी येतेच, म्हणून एकत्र लिहितो. (डिलिव्हरी म्हणजे पूर्ण पैसे भरून शेअर आपल्या खात्यात ठेवून घेणं.)

आमचा एक क्लायंट बुटीबोरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. कंपनीची बस प्रताप नगरातून निघते आणि साडेनऊला गेटवर पोचते. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे मार्केट सुरू झाल्यावर याच्या हातात फोन राहणार पंधरा मिनिटं, तोही वर्धा रोडवर हलणाऱ्या बसमध्ये. तरी याला इंट्राडेच करायचा होता, कारण खात्यात चाळीस हजार रुपये होते आणि इंट्राडेत खात्यातल्या पैशाच्या पाचपट शेअर घेता येतात हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. (हे खरं आहे. सप्टेंबर २०२१ पासून पाचपटीची मर्यादा पक्की झाली. त्याआधी काही ब्रोकर याहून कितीतरी जास्त द्यायचे, तेव्हाची धूळधाण वेगळीच.)

एके दिवशी बस जामठ्याच्या स्टेडियमपाशी असताना त्याने ४०० च्या भावाने ५०० शेअर घेतले. सौदा दोन लाखांचा, मार्जिन (म्हणजे स्वतःचा भरायचा वाटा) चाळीस हजार. स्टॉपलॉस (भाव ठरावीक पातळीला पडला की विकून तोटा थांबवणारी ऑर्डर) लावला नाही, "नेटवर्क येऊन-जाऊन राहिलं होतं." फोन लॉकरमध्ये गेला. पावणेएकला जेवणाच्या सुट्टीत काढून पाहतो तर भाव ३८४. घसरण चारच टक्के, पण तोटा आठ हजार, म्हणजे त्याच्या पैशातला पाचवा हिस्सा साफ. तिथेच विकून जेवायला गेला असता तर मी हा किस्सा लिहिलाच नसता. त्याने मला फोन केला. "काका, डिलिव्हरीत टाकून देऊ का? कंपनी चांगली आहे, येईल वर."

सकाळी त्याने शेअर घेतला तो चार्टवरची पाच मिनिटांची एक हिरवी कँडल (म्हणजे तेवढ्या वेळात भाव वर गेल्याची खूण) बघून. कंपनी काय बनवते हेसुद्धा त्याला धड माहीत नव्हतं. दुपारी तीच कंपनी चांगली झाली! मी म्हटलं, विकून टाक. त्याने हो म्हटलं आणि केलं उलट. डिलिव्हरी घ्यायची तर पूर्ण दोन लाख लागतात, म्हणजे वरचे एक लाख साठ हजार. ते आले बायकोच्या खात्यातून, बेस्याच्या प्लॉटच्या हप्त्यासाठी ठेवलेले. पुढे भाव दोन पावलं वर, पाच पावलं खाली असा रेंगाळत राहिला आणि प्लॉटवाल्याचे फोन सुरू झाल्यावर ३१० ला विकावा लागला. चाळीस हजार घेऊन उतरलेल्या माणसाचे पंचेचाळीस हजार गेले. कंपनी आजही चांगलीच आहे. तिच्या चांगलेपणाचा त्या सौद्याशी काही संबंध नव्हता.

यावर माझा उपाय अगदी जुनाट आहे. ऑर्डर टाकायच्या आधी पाठकोऱ्या कागदावर पेनने तीन गोष्टी लिहायच्या: हा सौदा कोणत्या पद्धतीचा, माझं चुकलं तर कोणत्या भावाला बाहेर पडणार, आणि काहीच घडलं नाही तरी कोणत्या तारखेला बाहेर पडणार. इंट्राडे असेल तर तारीख आजचीच. एकदा लिहिलं की पद्धत बदलायची नाही. आणि स्टॉपलॉस सिस्टिममध्ये टाकायचा. मनातला स्टॉपलॉस भाव जवळ आला की आपोआप खाली सरकतो.

सव्वानऊ ते साडेतीन ज्याच्या हातात फोन नाही, त्याने इंट्राडेचं नाव काढू नये. यात मी वाद घालत नाही. त्याच माणसाला मी स्विंगवर बसवलं. रविवारी संध्याकाळी चार्ट पाहायचे, आठवड्याची तीन-चार शेअरची यादी करायची, खरेदी झाली की विक्रीच्या दोन्ही बाजूंना, नफ्याच्या आणि तोट्याच्या, जीटीटी (ठरवलेला भाव आला की आपोआप सुटणारी ऑर्डर) लावून टाकायचा. मग फोन लॉकरमध्ये असला काय नि खिशात असला काय. एक बारकावा मात्र सांगतो. जीटीटीचा ट्रिगर लागला की पुढे जाणारी ऑर्डर सहसा लिमिटची असते, म्हणजे ठरवलेल्या भावाखाली ती विकत नाही. सकाळी भाव त्या लिमिटच्याही खाली उघडला तर ती नुसती लटकते आणि तुम्ही समजता की सुटलो. म्हणून मी विक्रीची लिमिट ट्रिगरच्या दोन-तीन टक्के खाली ठेवतो.

हा माणूस कारखान्यात प्रत्येक मशीनच्या ग्रीसिंगची नोंद स्वतःच्या हाताने ठेवतो. असा स्वभाव स्विंगला चालतो. "काका, कंटाळा येते" म्हणून कुरकुर करतो अधूनमधून. करू दे.

झोप न लागणाऱ्याने रात्रभर सौदा धरणे

इतवारीतले एक कापड व्यापारी. निर्णय चटकन घेतात, न खपणारा माल तोट्यात काढायला जराही कचरत नाहीत. ट्रेडिंगला हा सोन्यासारखा गुण. पण सौदा रात्रभर राहिला की या माणसाचं काही खरं नाही. संध्याकाळी अमेरिकेचं मार्केट उघडलं की फोन हातात. गिफ्ट निफ्टी (निफ्टीचा गुजरातच्या गिफ्ट सिटीतला वायदा) पहाटे पावणेतीनपर्यंत चालतो, आणि तोपर्यंत हेही जागे.

३ जून २०२४ चा सोमवार आठवत असेल. लोकसभेच्या एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर गेला. या भाऊंनी दुपारी भरपूर खरेदी केली, उद्या निकालाला विकू म्हणून. ४ जूनला मतमोजणी सुरू झाली आणि निफ्टी दिवसाअखेर जवळजवळ सहा टक्के पडून बंद झाला. रात्रभर न झोपलेल्या माणसाने ऐन पडझडीत, दुपारी बाराच्या सुमाराला, होतं नव्हतं ते सगळं विकलं. ७ जूनला सेन्सेक्सने नवा उच्चांक गाठला.

लोक म्हणतात, त्यांनी थांबायला हवं होतं. मला ते पटत नाही. त्यांचा स्वभाव थांबण्याचा नाहीच, आणि पन्नाशीत कोणी स्वभाव बदलत नाही. चूक झाली ती बीटीएसटी निवडण्यात. आता ते फक्त सकाळी इंट्राडे करतात, अकरापर्यंत, जास्तीत जास्त दोन सौदे. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक त्यानंतरच येतं. अकराला सौदा नफ्यात असो की तोट्यात, बंद. रात्री खातं रिकामं.

तुमचं काय होतं हे तपासायला कोणतीही प्रश्नावली भरू नका, ऑनलाइन चाचण्यांत सगळेच स्वतःला थंड डोक्याचे म्हणवतात. घरच्यांना विचारा. शेअर घेतल्यावर तुम्ही चिडचिड करता का, रात्री किती वेळा फोन बघता, हे बायको किंवा आई तुमच्यापेक्षा बरोबर सांगेल.

खर्च न धरता स्काल्पिंग

चपळ बोटांच्या पोरांना वाटतं, दिवसातून वीस वेळा पन्नास-पन्नास रुपये काढले की हजार झाले. हिशोब करून दाखवतो. पन्नास हजारांचा शेअर घेतला आणि लगेच विकला. दोन्ही बाजूंना ०.०३ टक्के ब्रोकरेज धरलं तर तीस रुपये. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), साडेबारा रुपये. एक्स्चेंजचे चार्जेस, स्टॅम्प ड्यूटी, जीएसटी मिळून आणखी दहा-अकरा. म्हणजे पन्नासच्या वरच गेले. भाव ०.१ टक्का वर गेल्यावर विकलं तर मिळाले पन्नास. सगळी मेहनत सरकार, एक्स्चेंज आणि आमच्यासारख्यांसाठी! आमचं पोट यावरच चालतं, तरी सांगतो आहे.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने जुलै २०२४ मध्ये इंट्राडेवरचा अभ्यास जाहीर केला. २०२२-२३ मध्ये कॅश सेगमेंटमध्ये (म्हणजे थेट शेअरच्या खरेदी-विक्रीत) इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला होता. वर्षाला ५०० हून जास्त सौदे करणाऱ्यांत तोटेवाले ८० टक्के. जास्त सौदे म्हणजे जास्त अनुभव, ही समजूत इथेच मोडते.

थोडक्यात आटपणाऱ्या, पण रोज दिसणाऱ्या चुका

इंट्राडेचा सौदा बंद करायला सव्वातीनपर्यंत वाट पाहणे. ब्रोकरने आपोआप सौदा कापला तर बहुतेक ठिकाणी वेगळा चार्ज लागतो, आणि भाव मिळेल तो.

अप्पर सर्किटच्या (दिवसाच्या भाववाढीच्या वरच्या मर्यादेच्या) जवळ असलेला शेअर इंट्राडेत शॉर्ट करणे, म्हणजे आधी विकून मग घ्यायचं ठरवणे. सर्किट लागलं की विकणाराच उरत नाही, तुमचा सौदा ऑक्शनला (एक्स्चेंजच्या लिलावाला) जातो आणि तिथला भाव ऐकून घाम फुटतो.

ट्रेड-टू-ट्रेड गटातला शेअर इंट्राडेसाठी शोधत बसणे. त्यात प्रत्येक सौद्याची डिलिव्हरीच होते, इंट्राडे होतच नाही.

"माझी पद्धत ऑप्शन बायिंग आहे" असं म्हणणे. ऑप्शन (ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्काचा करार) हे हत्यार आहे, पद्धत नव्हे. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या आकड्यांनुसार तीन वर्षांत एफअँडओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला.

टेलिग्रामच्या टिपवर स्विंग करणे. घ्यायची टिप येते, विकायची येत नाही.

मे महिन्यात दुपारी लाइन जाते, कूलर बंद, वायफाय बंद, आणि यांचा सौदा उघडा. इंट्राडे करणाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचं सिम आणि ब्रोकरच्या कॉल-अँड-ट्रेडचा (फोनवरून सौदा करायच्या सोयीचा) नंबर कागदावर हवाच.

केंद्र सरकारच्या नोकरीत असून रोज ट्रेडिंग करणे. सिव्हिल लाइन्सकडचे आणि रेल्वेतले बरेच जण येतात, म्हणून मुद्दाम सांगतो: आचरण नियमांत (केंद्राच्या १९६४ च्या, रेल्वेच्या १९६६ च्या) सट्ट्याला मनाई आहे आणि वारंवार खरेदी-विक्री हा सट्टाच धरला जातो. त्यांनी इंट्राडेच्या फंदात पडूच नये.

कर वर्षाच्या शेवटी आठवणे. स्विंगचा नफा साधारणपणे शॉर्ट टर्म कॅपिटल गेन (थोड्या मुदतीचा भांडवली नफा), त्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर. इंट्राडे हा सट्ट्याचा धंदा धरतात, त्याचा तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो आणि चारच वर्षं पुढे नेता येतो. दोन्ही पद्धती करायच्या असतील तर हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा.

दर पंधरा दिवसांनी पद्धत बदलणे

चार सौदे लागोपाठ चुकले की "ही पद्धतच बेकार" म्हणून दुसरी. तिथेही चार चुकले की तिसरी. अशा लोकांना कोणतीच पद्धत कधी कळत नाही, प्रत्येकीचा वाईट काळ तेवढा भोगून होतो. पेपर ट्रेडिंगने स्वभाव कळतो असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. खोट्या पैशात सगळेच शूर.

मी सांगतो ते असं: एकच पद्धत घ्या, खरा पैसा लावा, पण क्वांटिटी इतकी कमी की तोटा तर्री-पोह्याच्या बिलाएवढा व्हावा. वर खर्चाचा हिशोब दाखवला, त्यामुळे यात नफा दिसणार नाही हे आधीच धरून चाला. असे तीस सौदे करा. वहीत नफा-तोट्याशेजारी आणखी एक रकाना ठेवा, सौदा चालू असताना तुम्ही काय केलं त्याचा: किती वेळा ॲप उघडलं, स्टॉपलॉस हलवला का, जेवताना लक्ष होतं का. तीस सौद्यांनंतर नफ्याचा रकाना झाका आणि फक्त हा वाचा. बहुतेक ठिकाणी "काही केलं नाही" असं असेल तर पद्धत बसली आहे. मग क्वांटिटी वाढवा, पण एकदम दुप्पट नाही. "स्टॉपलॉस हलवला" हे पुन्हापुन्हा येत असेल तर पुढची पद्धत धरा, पुन्हा त्याच छोट्या क्वांटिटीवर.