परफॉर्मन्स कॅमशाफ्टचा दर्जा ठरवताना या चुका टाळा

नवा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडमिट करणारा दांडा, टाकूनही इंजिनाने अपेक्षेइतकी ताकद दिली नाही, किंवा थोड्याच दिवसांत लोब (व्हॉल्व्ह उचलणारा त्यावरचा उंचवटा) झिजून गेला, की पहिला राग कंपनीवर निघतो. ‘अमक्याचा कॅम घेऊ नका, तमक्याचाच घ्या’ हा सल्ला बहुधा अशाच रागातून जन्मतो आणि मग वर्षानुवर्षं फिरत राहतो. त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात: लोबचा आकार कसा आखला, तो आकार धातूवर किती नेमका उतरला आणि शाफ्ट इंजिनात कसा बसवला. आकार ही निवडीची बाब, बसवणं आपल्या हातातलं. कंपनीचा दर्जा दिसतो तो मधल्या गोष्टीत, आणि तो कॅटलॉग वाचून कळत नाही. शाफ्ट मोजावा लागतो.

जाहिरातीतले अंश शेजारीशेजारी ठेवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. एका कॅटलॉगात ड्युरेशन (क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो तो आकडा) २७० अंश, दुसऱ्यात २८४. म्हणून दुसरा कॅम ‘मोठा’. पण मोजायला सुरुवात कुठून केली? कोणी टॅपेट, म्हणजे लोबवर टेकून उचलला जाणारा लिफ्टर, ०.००४ इंच उचलला गेला की मोजायला लागतो, कोणी ०.००६ इंचांपासून. सॉलिड (तेलाने आपोआप फट न मिटवणाऱ्या) टॅपेटसाठी ०.०१५ किंवा ०.०२० इंच धरणारेही आहेत, आणि युरोपीय व जपानी कंपन्यांच्या तक्त्यांत अनेकदा १ मिलिमीटरवरचा आकडा असतो. लोबची सुरुवातीची चढण फार मंद असते, त्यामुळे मोजण्याचा बिंदू केसभर सरकला तरी अंशांचा आकडा बराच बदलतो.

म्हणून ०.०५० इंचावरचं, म्हणजे १.२७ मिलिमीटरवरचं ड्युरेशन मागा. १ मिलिमीटरवरचा आकडा त्याच्या जवळचा असला तरी तो तोच नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

हा आकडा जुळला तरी दोन लोब सारखे ठरत नाहीत. जाहिरातीतल्या ड्युरेशनमधून ०.०५० इंचावरचं ड्युरेशन वजा केलं की चढण किती तीव्र आहे याचा अंदाज येतो. क्रेन कॅम्सचे संस्थापक हार्वे क्रेन यांनी या फरकाला ‘इंटेन्सिटी’ म्हटलं. फरक जितका लहान, तितका व्हॉल्व्ह झपाट्याने उघडतो आणि स्प्रिंग-लिफ्टरवर ताण वाढतो. ही तुलना करताना दोन्ही जाहिरातींतले आकडे एकाच बिंदूपासून मोजलेले हवेत, नाहीतर वजाबाकीला अर्थ उरत नाही. शिवाय ०.२०० इंचावरचं ड्युरेशन मिळालं तर लोबचं पोट किती भरलेलं आहे तेही कळतं. तीव्र चढणीचा लोब जास्त ताकद देईल, मंद चढणीचा शांत चालेल आणि जास्त टिकेल. यातला कुठलाही ‘हलक्या दर्जाचा’ नाही. आखणाऱ्याने कशाला महत्त्व दिलं, एवढाच तो फरक.

लिफ्टच्या (व्हॉल्व्ह किती उघडतो त्या) आकड्यातही असंच फसायला होतं. लोबची उंची ०.३२० इंच असेल तर १.५ पट उचल देणाऱ्या रॉकरवर (लोबची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या तरफेवर) व्हॉल्व्ह ०.४८० इंच उघडतो आणि १.६ च्या रॉकरवर ०.५१२ इंच. कंपनीने कुठला रॉकर धरला ते वाचा. सॉलिड टॅपेट असेल तर व्हॉल्व्हपाशी ठेवायची फट त्यातून वजा होते. लोब सेपरेशनचे (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या माथ्यांमधल्या अंतराचे) अंश कॅमचे असतात आणि ड्युरेशनचे क्रँकचे, ही सरमिसळही नेहमीची. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे २८० अंशांचं ड्युरेशन असेल तर ११० अंश सेपरेशनवर ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) ६० अंश येतो आणि ११२ वर ५६. आयडलिंगचा खडबडीतपणा आणि कमी व्हॅक्यूम हे बरंचसं या आकड्यावर ठरतं. ते पाहून ‘कॅम खराब निघाला’ म्हणणं कंपनीवर अन्याय आहे.

नावावरून धातू ओळखणं

कॅम घासणाऱ्या पुष्कळ कंपन्या स्वतः ओतकाम करत नाहीत. कच्चा शाफ्ट, म्हणजे कोअर, बाहेरच्या फाउंड्रीतून किंवा फोर्जिंगवाल्याकडून येतो आणि कंपनी त्यावर लोब घासते. त्यामुळे दोन वेगळ्या नावांखाली एकाच जातीचा कोअर असू शकतो, आणि एकाच नावाखाली साध्या बिडापासून उंची पोलादापर्यंत सगळं मिळू शकतं. एका कंपनीचा स्वस्त ओतीव शाफ्ट आणि दुसरीचा बिलेट शाफ्ट यांची झुंज लावून दोन कंपन्यांचा निकाल देता येत नाही.

विचारायचा प्रश्न असा: कोअर कशाचा आहे, आणि त्याला पाणी कसं दिलं आहे? लोबवर सरळ घसटणाऱ्या फ्लॅट टॅपेटला बिडाचा, लोब कठीण केलेला शाफ्टच योग्य. तिथे तो काटकसर म्हणून नसतो, बिडाच्या लिफ्टरशी त्याची जोडी जमते म्हणून असतो. बेताच्या स्प्रिंगच्या हायड्रॉलिक रोलरला (चाकावर चालणाऱ्या, तेलाने फट मिटवणाऱ्या लिफ्टरला) ऑस्टेम्पर केलेलं डक्टाइल आयर्न किंवा इंडक्शनने कठीण केलेलं ५१५० पोलाद चालतं. दणकट स्प्रिंगच्या सॉलिड रोलरसाठी कार्ब्युराइझ केलेल्या ८६२० सारख्या पोलादाकडे वळतात. नुसतं ‘बिलेट’ लिहिलं म्हणजे शाफ्ट अखंड पोलादातून कातला, इतकंच सिद्ध होतं. कठीण थर किती खोल आहे हे त्या शब्दातून कळत नाही, आणि शाफ्टचं आयुष्य तर त्या थरावर अवलंबून असतं.

जुना शाफ्ट पुन्हा घासून विकला असेल तर तेही आधीच विचारून घ्या. पुन्हा घासताना बेस सर्कल (लोबचा व्हॉल्व्ह न उचलणारा गोल भाग) लहान होतं. त्यामुळे पुशरॉडची लांबी किंवा शिमची जाडी बदलावी लागते, आणि मूळचा कठीण थर तेवढा पातळ होतो. काम चोख असेल तर असा शाफ्ट उत्तम चालतो, पण नव्या कोअरवरच्या शाफ्टशी त्याची तुलना करताना हे माहीत असलंच पाहिजे.

इथेच आणखी एक घोटाळा होतो. पोलादी शाफ्टवर डिस्ट्रिब्युटरचा नेहमीचा बिडाचा गिअर चढवला की तो गिअर झपाट्याने खाल्ला जातो आणि धातूचा कीस तेलात फिरतो. दोष शाफ्टच्या दर्जात शोधला जातो, पण चुकलेली असते ती गिअरची निवड. त्या कोअरला ब्रॉन्झ, कंपोझिट की प्रक्रिया केलेला पोलादी गिअर लागतो, हे शाफ्टबरोबरच विचारा.

फक्त पहिला सिलिंडर तपासणं

डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) लावणारे बहुतेक जण पहिल्या सिलिंडरचा इनटेक लोब बघतात, कॅम कार्डाशी (कंपनीने दिलेल्या आकड्यांच्या कागदाशी) जुळला की समाधानाने झाकण लावतात. एवढ्याने शाफ्ट क्रँकशी बरोबर जुळला आहे, इतकंच कळतं. कंपनीने किती सारखेपणाने घासलं ते उरलेल्या लोबवर दिसतं, आणि माझ्या मते दर्जाची खरी कसोटी तीच आहे.

सुरुवात इंजिनाबाहेर करा. टोकाचे दोन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे शाफ्टचे गोल भाग) व्ही-ब्लॉकवर ठेवा आणि मधल्या जर्नलवर डायल गेज लावून शाफ्ट सावकाश फिरवा. काटा ०.००१ इंचाच्या आसपास हलला तर ठीक. ०.००२ इंचांच्या पुढे गेला तर विक्रेत्याशी बोलायला हवं. शाफ्ट वाहतुकीतही वाकतो, म्हणून खोक्याला लागलेला मार आधीच पाहून ठेवा आणि त्याचा फोटो काढा.

मग प्रत्येक लोबचं बेस सर्कल. लोबच्या या गोल भागावर काटा जवळजवळ स्थिर राहायला हवा. तो हलत असेल तर सॉलिड टॅपेटची फट दर वेळी वेगळी येते, कारण कॅम जिथे थांबवून मोजाल तिथली उंची निराळी असते. हायड्रॉलिक लिफ्टर तेलाने भरून फट मिटवतो खरा, पण उंच जागेवर तो व्हॉल्व्ह किंचित उघडा धरू शकतो. ‘पुन्हा पुन्हा ॲडजस्ट करूनही टपटप जात नाही’ या तक्रारीचं मूळ कधी कधी इथे सापडतं.

यानंतर सगळ्या इनटेक लोबची उंची एकमेकांशी, सगळ्या एक्झॉस्टची एकमेकांशी ताडून पहा. मग शाफ्ट इंजिनात बसवून प्रत्येक सिलिंडरचे उघडण्या-मिटण्याचे अंश नोंदवा. त्याआधी पिस्टन स्टॉप लावून खरा टॉप डेड सेंटर (पिस्टनचा सगळ्यात वरचा बिंदू) शोधा, कारण नुसत्या डोळ्याने धरलेला टॉप सगळी मोजमापं वाकडी करतो. चांगल्या शाफ्टवर लोब एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर एखाद्या क्रँक अंशाच्या आत येतात. मापात आपली स्वतःची चूक किती आहे ते कळावं म्हणून एकच लोब दोन-तीनदा मोजा.

असममित लोबवर मधला बिंदू काढून सेंटरलाइन (लोबच्या शिखराची जागा) ठरवणं हा या कामातला जुना सापळा. अनेक आधुनिक लोबची उघडण्याची बाजू तीव्र आणि मिटण्याची सौम्य असते. तिथे दोन्हीकडचे समान उंचीचे बिंदू घेऊन मध्य काढला तर तो लोबच्या शिखरावर पडत नाही. मग कार्डाशी फरक दिसतो आणि कंपनीला दोष जातो. अशा वेळी ०.०५० इंचावर व्हॉल्व्ह कधी उघडतो आणि कधी मिटतो ते कार्डाशी जुळवा.

हे सगळं डायल गेजने करता येतं, तरी लोबच्या चढणीतला बारीक खडबडीतपणा त्याने सापडत नाही. त्यासाठी ॲडकोलसारखी संगणकीय मोजयंत्रं असतात. लोबगणिक उंची, कला (कोनातली जागा), वेग आणि त्वरण यांचा आलेख ती देतात. तुमच्याच शाफ्टचा असा अहवाल देणारी कंपनी मला जाहिरातीतल्या कुठल्याही शब्दापेक्षा जास्त विश्वासाची वाटते. नमुन्याचा अहवाल आणि तुमच्या शाफ्टचा अहवाल यांत फरक आहे. शाफ्टवरचा क्रमांक जुळवून घ्या.

काळपट रंगाला आणि उताराला नाकं मुरडणं

फ्लॅट टॅपेटचा नवा शाफ्ट पुष्कळदा काळा-करडा, निस्तेज असतो. तो फॉस्फेटचा थर आहे. पहिल्या काही मिनिटांत तेल धरून ठेवायला तो मदत करतो, तेव्हा तो घासून चमकवू नका. लोबच्या माथ्यावर पट्टी आडवी ठेवली की एक बाजू किंचित उतरती दिसते, तीही चूक नसते. हा उतार आणि लिफ्टरच्या तळाचा फुगवटा मिळून लिफ्टरला फिरवतात. खरा दोष शोधायचा तर तिरपा उजेड टाकून लोबवर एकसारख्या आडव्या लाटा दिसतात का ते पहा. त्या लाटा म्हणजे घासताना चाक थरथरल्याच्या खुणा.

झिजलेला लोब पाहून लगेच निकाल देणं

झीज वाचायला शिकलं पाहिजे. एकच लोब गेला आणि बाकी ठणठणीत असतील तर आधी त्या लिफ्टरकडे, त्याच्या बोअरकडे (तो ज्या छिद्रात सरकतो त्याकडे) आणि त्या स्प्रिंगकडे बघा. बोअर घट्ट असेल आणि लिफ्टर फिरत नसेल तर कुठल्याही कंपनीचा फ्लॅट टॅपेट लोब मिनिटांत जातो. दोन लिफ्टर तळाला तळ लावून धरा: फुगवटा शाबूत असेल तर ते एकमेकांवर डुलतात. डुलले नाहीत तर लिफ्टर सपाट आहेत, आणि तेवढ्यावरून शाफ्टला दोष देता येणार नाही.

सगळेच लोब सारखे झिजले असतील तर तेल, स्प्रिंगचा दाब आणि पहिलं स्टार्टिंग तपासा. फ्लॅट टॅपेटचं इंजिन पहिल्यांदा चालू होताच २००० ते २५०० आरपीएमवर, वेग थोडा कमी-जास्त करत, २० ते ३० मिनिटं चालवायचं असतं. आयडलिंगवर सोडायचं नसतं. दुहेरी स्प्रिंग असतील तर तेवढ्यापुरती आतली काढून ठेवतात. तेलात झिंक-फॉस्फरसचं ॲडिटिव्ह पुरेसं हवं. २००४ साली आलेल्या एपीआय एसएम या तेलाच्या दर्जा-वर्गापासून हलक्या ग्रेडच्या तेलांत फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, त्यामुळे आजच्या गाड्यांचं तेल या जुन्या रचनेला अपुरं पडू शकतं. या सगळ्याचं उत्तर समाधानकारक असेल तरच कोअरच्या कठीणपणाबद्दल प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

रोलरच्या लोबवर खड्डे पडून पापुद्रे निघाले असतील तर कठीण थर पातळ होता, किंवा स्प्रिंग त्या कोअरला झेपणारी नव्हती. रोलरच्या बेअरिंगमधल्या सुया तुटल्या असतील तर उलट लिफ्टरनेच लोब खाल्ला असेल. लोबच्या एकाच कडेला झीज दिसली तर लिफ्टर बोअरचा कोन तपासा.

ताकद आली नाही म्हणून कॅम बदलणं

एकाच्या गाडीचा डायनो (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख दुसऱ्या गाडीच्या आलेखाशी जुळवून कंपन्यांचा क्रम लावू नका. यंत्र वेगळं, हवा वेगळी, ट्यूनिंग वेगळं. वरच्या आरपीएमला ताकद अचानक कोसळत असेल तर व्हॉल्व्ह फ्लोट होत आहेत का, म्हणजे स्प्रिंग कमी पडून लोबच्या मागे राहतात का, ते बघा. खालून ओढ गेली असेल तर कॅम काही दात किंवा अंश मागे बसला आहे का ते तपासा. टायमिंग सेटची चावीची खाचही कधी चुकीची निघते. कॅमवर सेन्सरची चकती असेल तर तिचा कोन मूळ शाफ्टशी जुळतो का, आणि व्हेरिएबल टायमिंग असेल तर फेजरची (कॅमचा कोन बदलणाऱ्या भागाची) मर्यादा कमी करायला सांगितली आहे का, हेही पहा.

एका कंपनीच्या कॅमवर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर तपासलं होतं म्हणून तेवढ्याच लिफ्टच्या दुसऱ्या कॅमवर ते गृहीत धरू नका. व्हॉल्व्ह पिस्टनच्या सगळ्यात जवळ येतो तो टॉप डेड सेंटरच्या आसपास, आणि तिथे दोन लोब निराळे वागतात. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर हा रूढ अंदाज आहे. कंपनीचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा.

तक्रार करायचीच असेल तर शाफ्टबरोबर मोजमापांचा कागद, कॅम कार्ड, स्प्रिंगचे दाब आणि वापरलेल्या तेलाची माहिती पाठवा. लिफ्टर ज्या लोबवर चालले त्या क्रमाने खुणा करून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. ते एकदा मिसळले की झीज कुठून सुरू झाली हे चांगल्या तपासनिसालाही सांगता येत नाही.